तेलगल्ली तीन फूट मागं

गावाचं नाव सांगत न्हाई. वडवणीहून धारूरकडं जाताना लागतं, येवढं बास. नाव छापून आलं तर आमच्या तेलगल्लीतले लोक म्हणणार, "आता हे कावून लिवलंय यानं? ह्यात काय डाव हाय?" आन् त्यांचं बी चुकत न्हाई. तीस वर्षं झाली, मी ह्या गल्लीला शेंड्या लावायलोय. मंगळवारपासून नळाला गरम पाणी येणार, हे मीच पसरवलं होतं. मंगळवारी सकाळी अख्खी गल्ली बादल्या आन् टावेल घेऊन नळावर उभी. आमचा बंकट तर घरूनच अंगाला साबण लावून आलता.

तर झालं काय, मला एक पाकीट सापडलं. कुठं सापडलं ते सोडा. त्यात सत्त्याण्णव सालातले तेलगल्लीचे सव्वीस फोटो होते, निगेटिव्हसकट, मीच काढलेले. मावसभावाच्या लग्नासाठी छत्तीस फोटोंचा रीळ आणलता. त्यातले सव्वीस मी गल्लीतच उडवले आन् नवरदेवाला दहा उरले. त्या दहातल्या चारात बी नवरदेवापेक्षा मांडवाचा खांब मोठा आलाय. मावसभाऊ अजून माझ्याशी बोलत न्हाई.

त्यातला एक फोटो मी मोबाईलवर गावाच्या ग्रुपमदी टाकला. फोटोत गल्लीतून एक टेम्पो चाललाय आन् त्याच्या बाजूनं एक बैलगाडी, दोन्ही आरामात. आज त्याच गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागतं. दीडशे लोकांनी अंगठे टाकले. एकानं लिवलं, "शिवाभाऊ, डोळ्यात पाणी आलं." मला कसंतरीच झालं. आजपस्तोर माझ्यामुळं लोकांच्या डोळ्यात पाणी आलं ते वेगळ्या कारणानं.

मग ठरवलं. त्याच जागी, त्याच बाजूनं उभं राहून आजचे सव्वीस फोटो काढायचे, जुन्याला नवा जोडायचा, आन् गणपतीत मांडवात लावायचे. हायस्कुलात क्लार्क हाय मी, शनिवारी दुपारून मोकळाच असतो.

उज्ज्वला, म्हणजे आमची मंडळी, म्हणली, "काढा. पण कुणाला काय सांगत बसू नका. खरं बी न्हाई आन् खोटं बी न्हाई."

बाई एम.ए. हाय. ऐकायला पाहिजे होतं.

पहिला फोटो बंकटच्या किराणा दुकानाचा. मी मोबाईल वर धरला की बंकट आतून गिऱ्हाइकाचा गूळ तसाच काट्यावर सोडून बाहेर आला.

"कावून काढायलास बे?"

"जुन्या फोटोसंगं लावायचाय. आधी कसं होतं, आता कसं हाय."

"कोण बघणार?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"आरं, गणपतीत येणारे."

बंकटनं माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर जिभेकडं बघतो. "पैसे किती मिळायलेत तुला?"

"एक रुपाया न्हाई."

"मग तर शंभर टक्के काहीतरी हाय," म्हणला, आन् शटर अर्धं खाली ओढलं.

हे मला लई लागलं. मानसानं खोटं बोलावं आन् लोकांनी शक घ्यावा, ह्यात बेइज्जती न्हाई, तो धंद्याचाच भाग हाय. पण खरं बोलल्यावर शक घेतला तर मानसानं जायचं कुठं.

दुसरा फोटो समोरच्या रतनबाईच्या घराचा. तिचा वेगळाच त्रास. आमच्या भागात फोटो म्हणलं की एकच फोटो लोकांना म्हाईत हाय, पंचनाम्याचा. गारपीट होवो, अतिवृष्टी होवो, विमा असो, साहेब लोक मोबाईल घेऊन येतात आन् मालकाला सांगतात, नुकसानीकडं बोट करून उभे ऱ्हा. इतक्या वर्षांत ती सवय हाडात गेलीय. आता कुणी बी मोबाईल वर धरला की मानूस आपोआप बोट करतो. मागच्या लग्नसराईत एका पोरीचा बाप स्टेजवर जावयाकडं बोट करून उभा होता, तोंड पाडून.

रतनबाई पळत आली, डोक्यावर पदर घेतला आन् भिंतीच्या तड्याकडं बोट करून उभी ऱ्हायली.

"रतनबाई, बाजूला व्हा. मला नुसतं घर पाहिजे."

"मी नसले तर घर कुणाचं म्हणतील मग? काढ. तडा नीट येऊ दे. आतल्या खोलीत बी हाय एक, ह्याच्यापेक्षा मोठा."

"हे अनुदानाचं न्हाई."

"तसंच म्हणतेत सगळे आधी. यादी लागल्यावर कळतं."

दोन शनिवारात अकरा फोटो झाले. त्यातल्या नऊ फोटोत कुणीतरी कशाकडं तरी बोट करून उभं हाय. एकात तर मानूस धडधाकट म्हशीकडं बोट करतोय.

तेवढ्यात गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणायची, घरकुलाचं अनुदान येणार. दुसरी म्हणायची, अतिक्रमण काढणार, शिवा आतून फितूर हाय. दुसऱ्या पार्टीला घाबरायला कारण बी होतं. सत्त्याण्णवात ज्यांची दुकानं भिंतीपाशी संपत होती, त्यांनी आधी पायरी काढली, मग पायरीवर फळी, फळीवर पत्रा, पत्र्याखाली फ्रिज. नाली कुठं वाहती हे आता फक्त वासावरनं कळतं.

हितं मी गप बसायला पाहिजे होतं. पण खरं बोलून पटत न्हाई म्हणल्यावर मला बी खाज सुटली. तिसऱ्या शनिवारी मी हायस्कुलातली एक जाड फाईल काखेत मारली, गवंड्याकडनं पन्नास फुटी टेप मागून आणला आन् गल्लीत उतरलो. बोललो कुणाशीच न्हाई. बंकटच्या पायरीपाशी टेप लावला, मान हलवली, "अरेरे" म्हणलो आन् फाईलीत काहीतरी खरडलं. खरं सांगायचं तर फाईल आठवीतून शाळा सोडलेल्या पोरांच्या गळतीची होती. तसं प्रत्येक दुकानापुढं थांबलो. काही ठिकाणी "अरेरे" पण म्हणलो न्हाई, नुसता श्वास सोडला. त्याचा जास्त परिणाम होतो.

सोमवारी सकाळी शाळेत जायला निघालो तर गल्ली वळखू येईना. पत्रे गुंडाळलेले, फळ्या आत, फ्रिज आत, बंकटनं सिमेंटची पायरी घणानं फोडलेली. मला बघून म्हणला, "जुनी झालती, तशीबी काढायचीच होती." रतनबाईनं पाण्याची टाकी आत घेतली, ती थेट सैपाकघरात. अख्खी तेलगल्ली तीन फूट मागं सरकून, पोट आत घेऊन उभी होती. मला असं हसू आलं की शाळेच्या फाटकापस्तोर मी रुमाल तोंडात धरून गेलो.

पण हसू नऊ दिवसच टिकलं. नगरपंचायतीला नवे साहेब आलते. त्यांची जीप रोज वळसा घालून जायची, कारण तेलगल्लीत जीप घुसतच न्हवती. दहाव्या दिवशी ड्रायव्हरनं सहज घातली, तर सरळ निघून गेली. साहेब खाली उतरले, मागं बघितलं, पुढं बघितलं. म्हणले, "नोटीस कधी काढली होती?" कुणीतरी सांगितलं, काढलीच न्हाई, लोकांनीच मागं घेतलं. साहेब खूश झाले. साहेब लोक खूश झाले की गरिबाचं काहीतरी होतं. म्हणले, लोकांची इच्छा दिसते, मग काम पूर्णच करू. गुरुवारी भोंगा फिरला: तेलगल्लीत रस्त्यावर बसणाऱ्या ज्याच्याकडं दोन हजार सालाच्या आधीचा पुरावा न्हाई, त्यानं आठ दिवसांत उठायचं.

बाकीच्यांना काय, त्यांच्यामागं घर होतं, ते मागं सरकले. कोपऱ्यावरच्या भामाबाईच्या मागं काहीच न्हाई. चार बाय पाच फुटाचा पत्रा, तोच पुढं आन् तोच मागं. भामाबाई जनावरांचं सामान विकती. दावी, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, पितळी घंटा. तिच्या मालकाची शेरडं होती, ते गेल्यावर शेरडं बी गेली, हा कोपरा तेवढा ऱ्हायला. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरची खिलारं तिच्या दाव्याला बांधलेली. सरकायला तिला जागा कुठं होती. एक फूट मागं गेली असती तर माझ्याच भिंतीत.

मी तिच्यापुढनं मान खाली घालून चाललतो. तिनं कासरा वळता वळता हाक मारली.

"शिवा, हिकडं ये."

गेलो.

"टेप लावलास तवा माझ्यापाशी बी 'अरेरे' म्हणलतास. मला वाटलं उन्हाचं म्हणतोस."

"मावशी, ती गंमत होती."

"आसंल. पण उठायचं मला हाय. आता गंमत उलटी कर."

"पुरावा हाय का काही? पावती, कागद?"

"कागद शेळ्या खात्यात, लेकरा. मी कधी ठेवलाच न्हाई."

शेवटचं वाक्य ती हसून बोलली, आन् मला घरी जाऊन पाकीट उघडावंच लागलं. सव्वीस फोटो पुन्यांदा बघितले. एकोणिसावा फोटो त्याच कोपऱ्याचा. मधोमध भामाबाई, केस काळे, पुढं दाव्यांचा ढीग. मागं एक भिंत, भिंतीला शिडी, शिडीवर सरकारी पेंटर. भिंतीवर अर्धं लिवून झालेलं: "रविवार, ७ डिसेंबर १९९७. आपल्या बाळाला पोलिओचा डोस पाजा." खाली बाळाचं चित्र, त्याला अजून एकच डोळा काढलेला. म्हणजे फोटो सात डिसेंबरच्या आधीचा, हे खुद्द सरकारनंच लिवून ठेवलेलं. ह्याच्यापेक्षा पक्का पुरावा कोर्टात बी मिळायचा न्हाई.

मी उडीच मारणार होतो. मग भिंत नीट बघितली. भिंत माझी.

फोटोत भिंतीपुढं नाली दिसती, नालीपुढं रस्ता. आज तितं काय हाय? आज तितं आठ फूट पुढं आलेलं, वर स्लॅब टाकलेलं "उज्ज्वला लेडीज टेलर, पिको-फॉल" हाय. दोन हजार चार साली मीच बांधलंय. बाकीच्यांची पायरी, फळी, पत्रा. माझी अख्खी खोली, शटरसकट. नवी भिंत बांधायचा खर्च वाचावा म्हणून मी जुनी बाहेरची भिंत आतली केली, त्यामुळं ते बाळ अजून दुकानात हाय, शिवलेल्या ब्लाउजांच्या मागं. सगळ्या गल्लीपुढं टेप धरून "अरेरे" म्हणत फिरलो, पण माझ्या दारापुढं टेप धरायला विसरलो. तसा विसरलो न्हवतोच म्हणा.

म्हणजे भामाबाईला वाचवायचं तर उज्ज्वलाचं दुकान जाणार. मी दोन दिवस विचार केला आन् हुशारीची वाट धरली. पाकीट घेऊन हरिओमच्या स्टुडिओत गेलो.

"हे कापून दे. मागचं सगळं काढायचं."

हरिओमनं फोटो बघितला. "मागचं काढल्यावर उरतंय काय?"

"भामाबाई."

"नुसती भामाबाई पाहिजे तुला? मोठी करून?"

"व्हय."

हरिओमनं कॉम्प्युटरवरनं नजर काढून माझ्याकडं लावली. "शिवाभाऊ, घरी सगळं बरं हाय ना?"

संध्याकाळपस्तोर ते बी गल्लीत पसरलं. माझी लायकीच तशी, कुणाला दोष देत न्हाई.

दुसऱ्या दिवशी भामाबाईला घेऊन नगरपंचायतीत गेलो. मागं बंकट, रतनबाई आन् आणखी पाच-सहा जण आले. त्यांना भामाबाईचं पडलेलं न्हवतं, मी काय करतो ते बघायचं होतं. साहेबांनी फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्यात एक बाई दोऱ्या घेऊन बसली आहे. कुठे बसली आहे?"

"तेलगल्लीत, साहेब."

"गल्ली कुठाय? मागे नुसतं पांढरं आहे. धारूरच्या बाजारातसुद्धा बसल्या असतील."

"धारूरच्या बाजारात मी कावून बसू?" भामाबाई म्हणली. "तितं माझी जाव बसती."

साहेबांनी फोटो माझ्याकडं सरकवला. "क्लार्कसाहेब, असे फोटो आजकाल मोबाईलवर अर्ध्या मिनिटात तयार होतात. आणि तुमच्याबद्दल मी ऐकलंय. आजी, माफ करा, पण ह्यावर मी सही करू शकत नाही. उद्या पत्रा काढून घ्या."

मागचे सगळे हसले. बंकट म्हणला, "आरं शिवा, निदान मागं एखादं झाड तरी टाकायचंस."

भामाबाई हसली न्हाई. ती उठली आन् दाराकडं निघाली. पत्र्यावरच्या घंटा काढायला कुणाला बोलवावं, असं काहीतरी सोताशीच बोलायली.

आता माझं मन मोठं हाय, म्हणून पुढचं केलं, असं मी सांगितलं तर तुमी इस्वास ठेवायचा न्हाई, आन् ठेवू बी नका. मला राग आलता. तीस वर्षं गावाला फसवलं ते हातानं, मेहनतीनं, चपला झिजवून. आन् हा मानूस सगळ्यांपुढं म्हणतोय, अर्ध्या मिनिटात मोबाईलवर. माझ्या धंद्याची काही इज्जत हाय का न्हाई? मी पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढली आन् टेबलावर ठेवली.

"हे बनवून दाखवा मोबाईलवर."

साहेबांनी पट्टी ट्यूबलाइटला धरली. एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावून त्या पट्टीचा मोबाईलवर सरळ फोटो करून घेतला. शिडी दिसली, पेंटर दिसला, तारीख दिसली.

"ही भिंत कुणाची?"

मी खाली बघितलं. भामाबाई दारातून म्हणली, "त्याचीच की."

"मी रोज त्या गल्लीतून जातो. अशी भिंत मला कधी दिसली नाही. आता कुठे आहे?"

"आत हाय, साहेब."

"कशाच्या आत?"

"ब्लाउजांच्या मागं."

वरात निघाली. साहेब, शिपाई, भामाबाई, मागं निम्मी गल्ली. उज्ज्वला मशीनवर बसलेली. तिनं साहेबाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् तिला सगळं कळलं. मी आधीच म्हणलो, बाई एम.ए. हाय. उठली आन् ब्लाउजांच्या दांडीपुढं हात बांधून उभी ऱ्हायली.

"मॅडम, मागची भिंत बघायची आहे."

"भिंत दिसली की भामाबाईंचा कोपरा पक्का?"

"फोटोशी जुळली तर, हो."

"मग आधी ते कागदावर लिवा. सही, शिक्का. मग ब्लाउज काढते."

"मॅडम, ही काय पद्धत आहे?"

"तुमी भिंत बघितली की माझं दुकान जाणार, येवढं मला कळतंय. दुकान जाऊन बी भामाबाईंचं ऱ्हायलं नसलं, तर माझं फुकट गेलं. लिवा."

शिपाई शिक्का आणायला परत गेला. साहेबांनी पिको मशीनवर कागद ठेवून लिवलं. उज्ज्वलानं दोनदा वाचलं, एक शब्द दुरुस्त करायला लावला, मग दांडी बाजूला केली. भिंतीवर बाळ होतं. दोन्ही डोळे रंगवलेले, एक मोठा, एक बारका. तारीख जशीच्या तशी.

मग साहेबांनी शिपायाला आमच्या दुकानाच्या आतनं टेप लावायला लावला. आठ फूट दोन इंच. आन् "अरेरे" म्हणले. मला वाटतं, मनापासून म्हणले.

आठ दिवसांत मी सोता गवंडी लावून खोली पाडली. उज्ज्वलाचं मशीन घरातल्या पुढच्या खोलीत आलं, टीव्ही आन् मी मागच्या खोलीत गेलो. चार दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई, पाचव्या दिवशी बोलली त्याच्यापेक्षा न बोललेलं बरं होतं.

पण खरी गंमत पुढं. स्लॅब पाडायचं काम चालू असताना बंकट येऊन बसला.

"शिवा, आपण लहानपणापासूनचे. खरं सांग, काय मिळायलंय?"

"काही न्हाई बे. गेलंच."

"तू सोताच्या हातानं सोताची खोली पाडायलास, आन् काही न्हाई?"

"आईशप्पथ काही न्हाई."

तो गेला. संध्याकाळी त्यानं दुकानापुढचा उरलेला वटा फोडला. दुसऱ्या दिवशी तिघांनी. गल्लीचा हिशोब असा झाला, की शिवासारखा मानूस फुकटात वीट हलवत न्हाई, मोठा रस्ता येणार हाय, जो आधी मागं घेणार त्याला मोबदला आधी मिळणार. रतनबाईनं तर तड्याची भिंतच पाडली, आन् पडलेल्या विटांकडं बोट करून फोटो काढायला मला बोलावलं. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलं, कायबी येणार न्हाई, थांबा. जितकं सांगितलं तितक्या कुदळी वाढल्या. आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो न्हवतो आन् इतकं नुकसान बी कधी केलं न्हवतं.

आता गल्लीतून टेम्पो जातो, बाजूनं बैलगाडी जाती. सव्वीसच्या सव्वीस फोटो निघाले असते, पण मोबाईल वर धरायची माझी हिंमत होत न्हाई.

परवा कोपऱ्यावरनं चाललतो. भामाबाईनं साहेबाचा कागद प्लास्टिकात घालून घंटांच्या वर टांगलाय. मी म्हणलो, "मावशी, झालं ना मनासारखं?"

"झालं की." कासरा वळायचा हात थांबला न्हाई. "पण एक सांग. तू कावून केलंस?"

"आसंच."

"आसंच कुणी आठ फूट पाडतं व्हय."

खरं काय सांगावं ते मलाच नीट म्हाईत न्हवतं. तिनं माझ्याकडं बघितलं, बंकट बघायचा तसंच.

"ती पट्टी कुठं हाय? मी काळी दिसते ती."

"घरी हाय."

"ती मला आणून दे. तुझा काय भरोसा. उद्या आणखी काय गंमत सुचंल तुला."

नेऊन दिली. तिनं सुपारीच्या पिशवीत घातली, पिशवी कमरेला खोचली. तवापासून रोज सकाळी पत्रा उघडायच्या आधी ती पट्टी काढती, उन्हाला धरती, एक डोळा मिटून बघती. आपण अजून तितं बसलोय का, ते बघून घेती. बसलेली दिसली की मग दावी मांडायला घेती.